तेरा ट्रकांचा पूल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी अब्रू नेमकी कुठे गेली, याचा पत्ता मला पाठ आहे. पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं गाव, तिथल्या चर्चचा हॉल, माइकच्या मागे.

मी घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला. फ्रीमाँटची घरभाडी झेपेनात म्हणून अनघा आणि मी या गावात येऊन राहिलो. अख्ख्या गावात मराठी माणसं म्हणजे आम्ही दोघं. मी लॅपटॉपसमोरून उठत नसे, पण अनघानं बघता बघता सगळं गाव आपलंसं केलं.

लायब्ररीत तिची डोरोथीबाईंशी गट्टी जमली. बाई ऐंशीच्या घरातल्या, गावाच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. त्या म्हणाल्या, "मंडळाच्या मदतीसाठी ब्रिजची एक संध्याकाळ ठेवतोय." अनघाला वाटलं, पत्ते. ती कौतुकानं म्हणाली, "माझा नवरा ब्रिजसाठी वेडा आहे. इंजिनिअरिंगला असताना त्यानं दुसरं काही केलंच नाही."

झालं. बाईंच्या डोक्यात 'इंजिनिअरिंग' आणि 'ब्रिज' हे दोन शब्द कायमचे चिकटले.

त्यांचा मला फोन आला. "मंदार, ब्रिजबद्दल चार शब्द बोलाल? तुमचा अनुभव दांडगा आहे म्हणे."

"दांडगा म्हणजे काय, हॉस्टेलवर रात्रंदिवस तेच करायचो," मी म्हणालो. "एक वर्ष त्यापायी गेलं."

"किती ही निष्ठा," बाई म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, गावात पूल आहे हे तुला माहीत नव्हतं? अहो, नदीकडे जाताना लांबून एक लाल लाकडी गोठा दिसायचा. रस्ता बंद, म्हणून जवळ कधी गेलोच नाही. जुन्या लाकडी पुलांना इकडे भिंती आणि छप्पर घालायचे, लाकूड पावसानं कुजू नये म्हणून, हे मला कोण सांगणार?

तर त्या संध्याकाळी ब्लेझर घालून, खिशात पत्त्यांचा कॅट घेऊन मी हॉलवर पोचलो. हॉल गच्च भरलेला. खेळायची टेबलं कुठे दिसेनात, म्हटलं नंतर मांडतील. बाईंनी ओळख करून दिली, "हे भारतातले तज्ज्ञ. आपल्या ब्रिजबद्दल बोलतील." टाळ्या पडल्या आणि मी सुटलो.

"ब्रिजमध्ये सगळा भार पार्टनरवर असतो. समोरची बाजू कच्ची असली की आपण गेलो."

माना डोलल्या. पुढच्या रांगेतल्या एका सुतारानं "अगदी बरोबर" म्हटलं.

"चौघांपैकी एक डमी असतो. सगळं टेबलावर उघडं टाकायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम."

"आमचे कौंटीचे साहेब," मागून कुणीतरी म्हणालं. हॉल हसला. साहेब तिथेच बसले होते. मला काही कळलं नाही, पण मीही हसलो.

इतक्यात तिसऱ्या रांगेतून अनघा हातवारे करायला लागली. गळ्यावरून हात फिरव, माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखव. मी माइकमध्ये म्हणालो, "आणि लक्षात ठेवा, ब्रिजमध्ये खाणाखुणा करायला सक्त मनाई आहे." तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मग वॉल्ट उठला. दुधाचा धंदा करणारा, मंडळाचा सगळ्यात मोठा देणगीदार. त्यानं विचारलं, "किती ट्रक घेता येतील?"

आता माझे कान. मला ऐकू आलं 'ट्रिक'. पत्त्यात आपण ज्याला हात म्हणतो, तो. आणि एका डावात हात असतात तेरा.

"तेरा," मी ठणकावून सांगितलं.

वॉल्टनं डोळे विस्फारले.

"तेरा? सरकार तर एकही नेऊ देत नाही."

"सरकारचा काय संबंध? मी स्वतः घेतलेत. तेराच्या तेरा, एकामागून एक. पेंगत पेंगत."

वॉल्ट डोरोथीबाईंकडे वळला. "डोरोथी, ब्रिज इतका भक्कम असेल तर आपण दुरुस्तीला वर्गणी कशाची गोळा करतोय?" लोक कुजबुजू लागले. एकानं तर हातातलं चेकबुक परत खिशात घातलं. बाईंचा चेहरा पांढराफटक.

भक्कम? दुरुस्ती? मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर केवढा तरी फोटो, माझ्या त्या गोठ्याचा. खालून नदी वाहतेय.

खोटं रेटावं तर पूल जाणार, खरं बोलावं तर मी. शेवटी खिशातून कॅट काढला आणि वर धरला. "मी या ब्रिजबद्दल बोलत होतो. तो पूल मी जवळून पाहिलेलाही नाही. कृपा करून त्यावर ट्रक नेऊ नका."

वॉल्टला हसू फुटलं. तो टेबलावर हात आपटून हसत होता, आणि मग सगळा हॉलच सुटला. कौंटीच्या साहेबांनी डोळे पुसले. हसता हसता लोकांनी वर्गणीची बरणी अशी भरली, की बाईंना स्वयंपाकघरातून दुसरी आणावी लागली.

मला वाटलं, सुटलो. पण बाईंनी कॅटकडे बोट दाखवलं. "आणलाच आहात, तर एक डाव होऊन जाऊ दे."

वॉल्ट माझा पार्टनर झाला. आमच्याविरुद्ध बाई आणि तो सुतार. बाई लग्नाआधीपासून ब्रिज खेळतात, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आमचा पार चुराडा केला, तोही मध्ये मध्ये लिंबाचा केक खात.

पत्ते गोळा करताना त्या मायेनं म्हणाल्या, "मंदार, पुढच्या वर्षीही यायचं हं."

मी जरा फुशारलो. "बोलायला, की खेळायला?"

"खुर्च्या उचलायला."