रंगनाथनानांची श्रद्धांजली

कोल्हारच्या घाटावर कुणाचाही दहावा असो, प्रवचन संपलं की माइक आपसूक रंगनाथनानांकडे जायचा. नाना "कधीही भरून न निघणारी पोकळी" इथवर आले की लोक चपला शोधायला लागायचे. नानांनी आजवर गावात इतक्या पोकळ्या पाडल्या होत्या, की गाव उभं कसं राहिलं याचंच नवल! गेलेला माणूस पाटील असो की सालगडी, सामाजिक, शैक्षणिक आणि सहकार क्षेत्रातलं त्याचं मोलाचं योगदान ठरलेलं.

घरी आले की बायको, बनुबाई, विचारायची, "कसा हुता वो मानूस?"

"चांगलाच असनार की. गेलाय ना!"

मग बनुबाईच गेली.

तिच्या दहाव्याच्या सकाळी लेक अश्विनी म्हणाली, "दादा, आज फक्त आईबद्दल बोला. तुमच्या तोंडून तिचं कौतुक कधी ऐकलंच नाही मी."

नानांनी मान हलवली. खरं तर घरच्यानं बोलायची रीत नाही, पण माइकवाला छगन म्हणाला, "नाना, आज तुमच्याबिगर कोन बोलनार?"

माइक हातात आला आणि घात झाला. "उपस्थित मान्यवर, बंधू-भगिनींनो..." बैल आपल्या वाटेनं घरी निघावा तशी जीभ निघाली. पोकळी पडली. "कैलासवासी बनुबाईंचं सहकार क्षेत्रातलं योगदान..." मागं बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. बनुबाई जन्मात सोसायटीची पायरी चढली नव्हती. नाना अडखळले. अश्विनी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. "मृतात्म्यास शांती लाभो," म्हणत ते कसेबसे खाली बसले.

पंगत बसली तेव्हा कुठं त्यांना बायको आठवायला लागली. भांडायचं झालं की बनुबाई आधी चहा ठेवायची. उकळी फुटेस्तोवर काय बोलायचं ते बोलून घ्यायची. चहा गाळला की भांडण बंद. चाळीस-एक वर्षांत तिनं हा नेम मोडला नव्हता.

नाना पानापानाशी वाकून सांगत सुटले. "आमच्या हिचं काय हुतं, भांडायच्या आदी च्या ठेवायची..."

"व्हय व्हय. नाना, तुमी जेवून घ्या आदी," लोक म्हणत होते.

अश्विनी बुंदी वाढत होती. नानांनी तिलाही गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली, डोळे पुसले.

"हे मघाशी का नाही बोललात, दादा?" असं म्हणून ती पुढच्या पानाकडे वळली.