आपोआप हलणारा बाण

अब्बांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी भूगावहून पौडला त्यांच्याकडे राहायला गेले. अम्मी गेल्यापासून ते एकटेच असतात. धाकटा भाऊ नोकरीसाठी नाशिकला. ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान अब्बांनी होईल तोवर चालवलं, मग बंद केलं, आणि दुकानातला कंप्युटर तेवढा घरी आणला. नातवंडांशी बोलता यावं म्हणून भावानं त्याच्यावर छोटा कॅमेरा बसवून दिला होता. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ते टेबल, आणि त्याच्यासमोरच्या दिवाणावर मी झोपायचे.

अब्बा त्या दिवसांत काही ठीक दिसत नव्हते. फाटकाची कडी वाजली की उठून आतल्या खोलीत जायचे. मोबाईल वाजला की तो उशीखाली सरकवायचे. जुम्म्याला मशिदीतसुद्धा गेले नाहीत. "डोळ्यात धूळ जाईल," म्हणाले. मला ते पटलं. मी औषधाचे थेंब घालत राहिले.

एका दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते. बाहेरच्या खोलीतून बाईचा आवाज आला. इंग्रजीत बोलत होती. घरात आम्ही दोघंच होतो. पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले तर कंप्युटरचा पडदा लालभडक झालेला, त्यावर ढालीचं चित्र, आणि ती बाई त्यातूनच बोलत होती. कंप्युटरला धोका आहे, तो बंद करू नका, खालच्या नंबरावर फोन करा, हेच पुन्हा पुन्हा. अब्बा भिंतीला टेकून उभे होते.

"बंद नको करू," ते म्हणाले. "बंद केला तर वाढतंय ते."

"काय वाढतंय?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मी खुर्चीत बसले, हात ओढणीला पुसले आणि ते लाल पान घालवायचा प्रयत्न करू लागले. ते गेलं. त्याच्यामागे दुसरी खिडकी होती, तीच ढाल असलेली, आणि तिच्यात आमच्याच फायलींची नावं एकामागून एक लाल होत वर सरकत होती. दुकानाची बिलं, अम्मीचे दवाखान्याचे कागद. प्रत्येकापुढे 'धोका' असं इंग्रजीत. मी माउसवरचा हात काढला आणि अब्बांकडे वळून बघितलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर बाण हलत होता.

मला आधी वाटलं टेबलाला धक्का लागला असेल. पण बाण सरळ खाली गेला, थांबला, एक फोल्डर उघडलं. फोटोंचं होतं. माझ्या मुलीचे ईदचे फोटो उघडले. एक, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. बघणारा घाईत नव्हता. तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. कॅमेऱ्यावरचा बारीक निळा दिवा चालू होता.

त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं. इतके दिवस मी याच खोलीत झोपत होते. न्हाऊन आल्यावर इथंच ओले केस सोडून बसत होते. मी टेबलाखाली वाकले आणि सगळ्या वायरी एकदम उपसून काढल्या.

पडदा काळा झाला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी अजून जमिनीवरच होते, तेवढ्यात अब्बांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला, जणू तो हातात धरवत नव्हता. मी बटण दाबून तो कानाला लावला.

"पिताजी," एक माणूस अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आपने कंप्यूटर क्यों बंद किया?"

मी फोन कापला. तो पुन्हा वाजला. तोही कापला, आणि मग मोबाईलच बंद करून टाकला. मी उठून दाराला आतून कडी घातली. भर दुपार होती, रस्त्यावरून एसटी जात होती, तरी मी खिडकीसुद्धा लावून घेतली. तो माणूस कुठल्या दूरच्या शहरात बसला असेल हे मला कळत होतं. पण तो आपल्या फाटकाबाहेर उभा आहे, असंच वाटत होतं.

मग अब्बांनी सांगितलं. मी येण्याच्या आधीच ते लाल पान पहिल्यांदा आलं होतं. त्यांनी घाबरून त्या नंबरावर फोन केला. त्या माणसानं सांगितलं तसं काही काही दाबलं, कंप्युटर राखणारा प्रोग्राम म्हणून ती ढाल बसवून घेतली. कार्डाचा नंबरही वाचून दाखवला. मोबाईलवर आलेला ओटीपीचा बारीक आकडा मात्र वाचता आला नाही, आता ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तेव्हा जाळं आलेलं. तेव्हा त्या माणसाचा सूर बदलला. तुमच्या कंप्युटरवरून वाईट कामं झालीत, पोलीस येतील, कुणाला बोललात तर मुलालाही नेतील, असं म्हणाला. तेव्हापासून तो रोज फोन करत होता.

"मला का नाही सांगितलं?"

"आपलं नाव कुठं येऊ नये, एवढंच वाटत हुतं," ते म्हणाले. "आपल्या माणसाला चौकीत बसवलं तर गाव काय बोलंल? पुढं कोण ऐकून घेतंय?"

या माणसानं उभ्या बाजारात आयुष्य काढलेलं. मी त्यांना कधी इतक्या खालच्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

माझी एक शाळेतली मैत्रीण एसटी स्टँडजवळ कंप्युटरचा क्लास चालवते. तिला माझ्या फोनवरून बोलावलं. ती येईपर्यंत बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. ती आली, अब्बांना म्हणाली, "चाचा, तुमी बसा निवांत. पोलीस-बिलीस कोन येत न्हाई," आणि कॅमेऱ्याची वायर बाजूला काढून टेबलावर ठेवली. नेटची वायर तिनं लांब भिंतीपाशी टाकून दिली. मग म्हणाली, "आता लाव."

मला बटण दाबवेना. तिनंच दाबलं.

तिनं कंप्युटर अशा तऱ्हेनं सुरू केला की फक्त गरजेपुरतंच चालू राहील. पडदा काळा, चारी कोपऱ्यांत बारीक अक्षरं. ढाल दिसली नाही. "ही ढाल म्हंजी नुसतं सोंग," ती म्हणाली. "हिनं काय शोधलं न्हाई, काय धरलं न्हाई. घाबरवायचं एवढंच काम. खरं जनावर दुसरंच हाय." यादीतून तिनं ते शोधून दाखवलं. साध्या नावाचा एक प्रोग्राम, त्यातून तो माणूस वाटेल तेव्हा आत यायचा. तिनं तो काढला. मग ढाल काढली. ढाल काढताना खिडकी आली, 'तुम्ही असुरक्षित व्हाल, खरंच काढायचं?' मैत्रिणीनं होय दाबलं, आणि इतकं सगळं कळूनही मी तिचा हात धरायला गेले.

तिच्या पेनड्राइव्हवरचं खरं तपासणीचं साधन लावलं. ते सावकाश फिरत होतं आणि अधूनमधून काहीतरी पकडत होतं. मी तिच्या शेजारी बसून बाणाकडे बघत होते. तिचा हात माउसवर असताना बाण हलला तरी मी दचकायचे. शेवटी तीच म्हणाली, "माझा भरोसा न्हाई बसत. फोटो न् कागद तपासून बाजूला काढू, बाकी समदं पुसून नव्यानं टाकू." तसंच केलं. पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले.

निघताना मी तिला विचारलं, त्यानं काय काय नेलं असेल?

ती चपला घालताना थांबली. "ते सांगता यायचं न्हाई," म्हणाली. "तुला खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी अब्बांना म्हटलं, आपण चौकीत जाऊ या, आपणच जाऊन सांगू. त्यांनी आधी डोळ्यात थेंब घालून घेतले. मग टोपी घातली. चौकीच्या पायऱ्यांवर त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. आतल्या हवालदारानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मोबाईलमधले नंबर उतरवून घेतले. "आजोबा, असे लई लोक येत्यात," तो म्हणाला. "न येणारेच जास्त हायेत." तो माणूस सापडेल का, या प्रश्नावर त्यानं खांदे उडवले. बाहेर आल्यावर अब्बांना उन्हात थोडं थांबावं लागलं.

परत येताना मी रिक्षा बघत होते, पण ते बाजारातूनच चालत निघाले. दुकानाच्या जुन्या शेजाऱ्यानं हाक मारून विचारलं, एवढ्या उन्हाचं कुणीकडं?

"चौकीत गेलतो," अब्बा म्हणाले. सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. आणि तिथंच उभं राहून त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

मी बाजूला सावलीत थांबले. ते बोलत होते तोवर माझ्या पिशवीत फोन थरथरला. अनोळखी नंबर होता, आणि माझा नंबर त्या कंप्युटरात होताच. मी तो वाजून बंद होईपर्यंत बघत राहिले, आणि बंद झाल्यावरही पिशवी छातीशी धरून उभी राहिले.