लिलावात गेलेला एक्सल

एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षे मी चिंचवडच्या पुढे लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. माझे मालक फौजेत असताना वारले, म्हणून मला तिथे घेतले. अंगावर वर्दी नव्हती, पण भोंगा, हजेरी आणि हुकूम जवानांसारखेच होते. माझे काम बेअरिंगचे. चाकातून काढलेली बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायची, फिरवून बघायची, ग्रीस भरून कागदात गुंडाळायची. चांगली निघाली तर पुन्हा स्टोअरमध्ये द्यायची. दिवसभर कुणाशी बोलावे लागत नसे. मला तेच बरे वाटे.

माझ्या टेबलासमोर हवालदार कदम काम करायचे. कोकणातले, मोजके बोलणारे. पुढच्या चाकांचे सगळे काम त्यांच्याकडे. वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्याने गाडीचे काम केले, त्याने तिच्या पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचे. असा हुकूम कुणी काढलेला नव्हता. कदम म्हणायचे, त्यामुळे बोल्ट नीट आवळले जातात.

त्या पावसाळ्यात चाकणच्या पुढे काळ्या रानात जवानांची एक कंपनी सरावाला उतरली होती. आमचे ट्रक तिकडे प्यायचे पाणी न्यायचे आणि चिखलात रुतून बसायचे. वरून हुकूम आला, दोन ट्रकना मोठे टायर लावा. मागच्या बाजूला अडचण नव्हती. अडचण पुढच्या एक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची होती.

कदमांनी एक टायर लावून पाहिला आणि वर्कशॉपच्या कॅप्टनसाहेबांना बोलावले. माझी रॉकेलची बादली उचलून त्यांनी आधी अंगाजवळ धरली, मग हात लांब करून धरली. बादली तीच, पण हात थरथरू लागला. ते म्हणाले, मोठे चाक बाहेर सरकते, एक्सलच्या टोकावर भार असा लांबून लटकतो. उभ्या गाडीत काही कळणार नाही. उतारावर ब्रेक मारला की कळेल.

जाड एक्सल आवारातच होता. कुंपणाजवळ लढाईच्या वेळचा एक मोठा ट्रक मोडून पडला होता, त्याच्याखाली. कदमांनी माप घेतले. थोडे काम केले तर बसत होता. पण तो ट्रक भंगाराच्या लिलावात विकला गेला होता. माल आमच्या आवारात, मालकी व्यापाऱ्याची, आणि व्यापारी गावी गेलेला. कॅप्टनसाहेबांनी त्याच्या दुकानावर माणूस पाठवला, वरच्या ऑफिसला फोन केला. उत्तर आले की विकलेल्या मालाला हात लावायचा नाही.

"साहेब, मी काढतो. मग मला आत टाका," कदम म्हणाले.

"काढ. मी बघून घेईन. उद्या सकाळपर्यंत बसेल?"

कदमांनी त्या ट्रकखाली पुन्हा वाकून पाहिले. "नाही साहेब. दोन दिवस."

"तिथलं पाणी आज संपतंय."

जुन्याच एक्सलवर मोठे टायर चढले. भार कमी व्हावा म्हणून कदमांनी पाण्याची काही पिंपे उतरवून ठेवली. तेवढेच त्यांच्या हातात होते.

सकाळी पहिला ट्रक निघाला. ड्रायव्हर नाईक इस्माईल, चाकणचाच. कदम शेजारी चढले, तसा तो मला म्हणाला, "वहिनी, हे शेजारी म्हंजी आज बिडी न्हाई, गाणं न्हाई. ही गाडी हाय का शाळा?"

मी पदराआड हसले.

"मोशीच्या उताराला पहिला गिअर," कदम म्हणाले.

"व्हय साहेब. बैलगाडीवानी नेतो. तुमी झोपा खुशाल."

मागून वायरलेसची जीप गेली. आमचा वायरलेसचा सेट शेजारच्या खोलीत होता, आणि खिडकी माझ्या टेबलाकडे उघडत असे. थोड्याच वेळात जीपमधल्या जवानाचा आवाज आला.

"वर्कशॉप, वर्कशॉप. मोशीचा उतार. गाडी रस्त्याखाली गेली. ओव्हर."

कॅप्टनसाहेबांनी विचारले, "पुढचा एक्सल? ओव्हर."

"डावं टोक तुटलं. गाडी हळूच होती साहेब. म्हैस आडवी आली, ब्रेक मारला. ओव्हर."

"माणसं? ओव्हर."



"दोघंही गेले साहेब."

बोलणे संपले असे कळवणारे ओव्हर म्हणायला तो विसरला. कॅप्टनसाहेब वाट बघत राहिले.

पाणी तर पोचवायलाच हवे होते. दुपारी दुसरा ट्रक निघाला. तसेच टायर, तसाच एक्सल, निम्मे पाणी. शेजारी कॅप्टनसाहेब स्वतः बसले. तो पोचला.

पुढच्या आठवड्यात व्यापारी माल न्यायला आला. झालेले ऐकून तो कुंपणाजवळच खाली बसला. म्हणाला, मी इथे असतो तर तसाच दिला असता. मग त्याच्या माणसांनी तो एक्सल दोर बांधून त्याच्या लॉरीत चढवला. आम्ही सगळे काम थांबवून बघत होतो.

मोशीहून आणलेल्या डाव्या चाकाची बेअरिंग माझ्या टेबलावर आली. आत माती गेली होती. मी ती रॉकेलमध्ये धुतली, फिरवून पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. ग्रीस भरले, कागदात गुंडाळली आणि स्टोअरमध्ये दिली. ती पुढे कुठल्या गाडीला लागली, मला माहीत नाही.

त्यानंतरही मी तिथे पुष्कळ वर्षे होते. गाडी गेटाबाहेर पडताना मी ड्रायव्हरकडे बघत नसे. शेजारी कोण बसले आहे ते बघत असे. त्या सकाळी हवालदार कदम तिथे बसले होते. नाईक इस्माईल गाडी चालवत होते.