रात्रीची डबी

जे लिहायला बसले आहे त्यातलं एक वाक्यही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात एकटी असताना, दार लावलेलं असताना, स्वतःशी पुटपुटूनसुद्धा पाहिलेलं नाही. भीती वाटते. आपलाच आवाज कानावर पडला की मग ते खरोखर घडलं असं ठरेल — असं काहीतरी मनात बसलं आहे. पण घडलेलं तर आहेच ना?

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. एकटी राहते. बोलणं कमी, वाचणं जास्त. माझे वडील — नाना — धाकट्या भावाकडे राहायचे, संजयकडे, गारखेड्यात. माझं घर तिथून जवळच. नाना जाऊन काही वर्षं झाली. मी अजून त्यांच्या दुःखात आहे असं लोक समजतात. आहेच. पण त्या दुःखाच्या मागं दुसरं काही बसलेलं आहे, आणि ते झोपत नाही.

डब्यांपासून सुरुवात करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

नाना प्लास्टिकचा एकही डबा टाकू देत नसत. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलच्या पार्सलचे — सगळे गरम पाण्यानं धुऊन, गॅलरीत उन्हात पालथे घालून, मग कामाला लावायचे. एकात वाती, एकात बिब्बे, एकात घराच्या नळांचे जुने वायसर. कशात काय आहे ते झाकणावर लिहायचं. बाजूला लिहिलं की हात लागून पुसतं, आणि खण उघडून वरून बघितलं की कळलं पाहिजे — हा त्यांचा नियम. लिहायला लागणारा जाड मार्करही माझ्याच ग्रंथालयातून आणलेला.

मला ते डबे आवडत नसत. प्लास्टिकात गरम अन्न ठेवलं की काय होतं, ते मी वाचलं होतं आणि जाईन तेव्हा सांगायचे. संजयची बायको रेखा हसायची. ती सिल्लोडकडची, बोलायला मोकळी. "आक्का, तुम्ही लई वाचता," म्हणायची, "एवढं वाचून जेवण जातंच कसं हो तुम्हाला?" आणि नानांकडं वळून, "मामा, आक्का तुमच्या लेकरांना घराबाहेर काढायला आल्यात. धरून ठेवा." सासऱ्याला मामा म्हणायची तिच्या माहेरची रीत. नाना तिच्या बाजूनं. "फेकायला काय अक्कल लागते?" ते म्हणायचे. दोघं मिळून मला हसत, आणि मीही हसायचे — वरवर. खरं सांगू? मला ते लागायचं. दहावी झालेल्या मुलीनं माझ्या वाचण्यावर हसावं, आणि माझ्या वडिलांनी तिला साथ द्यावी.

हे आधी सांगते आहे, कारण पुढं जे केलं त्यात हे होतं.

नानांच्या गोळ्या तीन छोट्या गोल डब्यांत असायच्या. पार्सलच्या थाळीबरोबर दही येतं, तसल्या डब्या. झाकणांवर नानांच्या अक्षरात — सकाळ, दुपार, रात्र. संजय शेंद्र्याला कंपनीत आहे. रविवारी सुट्टीला तो गोळ्यांची पाकिटं कापून, मोजून आठवड्याच्या गोळ्या भरायचा. रोज द्यायचं काम रेखाचं. नानांना दिसत कमी होतं, ते हात पुढं करायचे आणि ती झाकण वाचून गोळी ठेवायची. कधी चुकली नाही. कधीच नाही.

त्या दिवशी रेखा शहागंजला गेली होती, वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या-धणे आणायला. मी नानांजवळ बसायला गेले होते. जेवून ते झोपले. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, आणि तो खण उघडला. का उघडला? आता वाटतं, मला काहीतरी गलिच्छ सापडायला हवं होतं. सापडलं. खोकल्याचं औषध सांडून गोळ्यांच्या डब्या चिकट झाल्या होत्या. मला आनंद झाला. हो, आनंद. हे बघा, हे असं असतं — असं तिला न बोलता दाखवता येणार होतं. मी घरातले सगळेच डबे काढले. गोळ्या तीन वाट्यांत ओतल्या आणि सगळं घासायला घेतलं.

डब्या सुकल्या. गोळ्या भरल्या. मग झाकणं हातात घेतली — आणि थांबले. तिन्ही झाकणं तिन्ही डब्यांना बसत होती. दुपारची ओळखता आली, त्यात कॅल्शियमची मोठी गोळी होती. उरल्या दोन. दोन्हींत चंदेरी कागदाचे सारखेच तुकडे, त्यांवर औषधांच्या नावांची अर्धी-मुर्धी अक्षरं. कुठली वाटी डावीकडं ठेवली होती?

मला आठवत नव्हतं.

मी इतके दिवस स्वतःला सांगत आले की ते नकळत झालं. नकळत झालं नाही. मला ठाऊक होतं की मला ठाऊक नाही. डॉक्टरांची फाइल नानांच्या खोलीतल्या कपाटात होती. ते कपाट उघडताना करकरतं, नाना जागे झाले असते, "काय शोधतेस?" म्हणाले असते. रेखाला फोन करता आला असता. ती हसली असती. फक्त हसली असती! तेवढंही मला नको होतं. मी अंदाज केला. दोन झाकणं लावली. टक्, टक्.

रेखा आली ती घामानं निथळत, दोन्ही हातांत पिशव्या. गॅलरीतले डबे बघून दारातच ओरडली, "अगं बया! आक्का, मामांची सगळी पलटण धुतली की तुम्ही!" आणि खण उघडून, "गोळ्यांच्या डब्या पण? बरं केलं. लई चिकट झाल्या होत्या, मला वेळच होईना." तिनं माझे आभार मानले, आणि चहा टाकला. 'झाकणं एकदा बघून घे गं' — एवढं वाक्य जिभेवर आलं होतं. मी चहा प्यायले आणि घरी आले. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी संजयचा फोन आला. नाना उठत नव्हते.

दवाखान्यात तपासलं तर साखर अगदी खाली गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, काल रात्री काय खाल्लं, कुठली गोळी दिली. रेखा म्हणाली, दूध-भाकरी थोडीशी खाल्ली, आणि रात्रीच्या डबीतली गोळी दिली, रोजची. डॉक्टर म्हणाले, शुगरची गोळी तर सकाळी असते ना? ती म्हणाली, हो, सकाळची सकाळी दिली होती.

मी तिच्या शेजारी उभी होते. भिंतीला टेकले आणि कुणीतरी माझ्याकडं बघेल म्हणून वाट बघत राहिले. कुणी बघितलं नाही. डॉक्टरांना जुनी फाइल हवी होती. "मी घरी जाऊन आणते," मी म्हणाले. किती तत्परतेनं म्हणाले!

घरात कुणी नव्हतं. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी फाइल काढली, खणातल्या डब्या काढल्या, आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून वाचलं. रात्र लिहिलेल्या झाकणाखाली सकाळची गोळी होती. शुगरची. नानांना ती एकाच दिवसात दोनदा गेली होती.

त्या वेळी मी काय करू शकत होते? रिक्षात बसून परत जाऊन सांगू शकत होते — चूक माझी, झाकणं मी लावली. डॉक्टरांना फक्त काय झालं ते हवं होतं, कुणी केलं ते नको होतं. सगळे रडले असते, संजय कदाचित ओरडला असता, आणि ते तिथंच संपलं असतं. मला हे सगळं त्या क्षणीही कळत होतं. पण भीती अशी असते का हो, की माणूस एकीकडं सगळं नीट समजत असतो आणि हात भलतंच करत असतात?

मी झाकणं बदलली. सकाळवर सकाळ, रात्रीवर रात्र. डब्या खणात होत्या तशा ठेवल्या, खण लावला, कुलूप घातलं. फाइल काखेत घेऊन रिक्षात बसले.

संध्याकाळी संजय घरी गेला आणि डब्या घेऊनच दवाखान्यात परत आला. तो दुष्ट माणूस नाही. जिन्याजवळच्या बाकावर बसून, आवाज न चढवता म्हणाला, "रेखा, तू डबी चुकलीस."

"नाय हो. रात्रीचीच उघडली. वाचलं ना मी झाकण."

"मग सकाळच्यात एक गोळी कमी का आहे? आणि रात्रीच्यात एक जास्त?"

"मला काय माहीत! देवाशपथ, रात्रीचीच—" आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. संशयानं नव्हे. घरातल्या मोठ्या, शिकलेल्या माणसाकडं बघतात तसं. आक्का सांगतील, म्हणून.

मी समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत.

तुम्हाला कळलं ना, मी काय केलं ते? झाकणं चुकली तोवर ती एक चूक होती. ती दुरुस्त केली, आणि पुरावा तयार झाला. तिच्या विरुद्ध.

नाना शुद्धीवर आलेच नाहीत. चार-पाच दिवसांत गेले. डॉक्टर म्हणाले, वय होतं, किडनी आधीच कमजोर होती, नेमकं एकच कारण सांगता येत नाही. हे वाक्य मी कितीदा उशाला घेऊन झोपायचा प्रयत्न केला आहे. रेखानं तो प्रयत्नही केला नाही. तिनं मान्य करून टाकलं. दहा दिवसांत आलेल्या आत्या बैठकीत बोलल्या, "सासऱ्याला औषध द्यायचं तर डोळे उघडे नकोत का?" ती आत पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. मी बैठकीत होते. मीही ऐकलं.

तेराव्यानंतर तिनं घरातले सगळे प्लास्टिकचे डबे भंगारवाल्याला दिले. आता ती कुणालाही गोळी देत नाही. मुलीला, स्वराला, ताप आला तर तिला मांडीवर घेऊन बसते आणि शेंद्र्याला फोन लावते, आणि नवरा येईपर्यंत पट्ट्या ठेवते. संजयला मागच्या वर्षी बीपी निघालं. त्याच्या गोळ्या तो कंपनीच्या बॅगेत ठेवतो, घरात ठेवत नाही. तिच्यादेखत बॅगेतून काढतो, घेतो, चेन लावतो. ती पाण्याचा पेला धरून उभी असते. तिचं ते हसणं — माझ्या वाचण्यावरचं — मी नंतर कधी ऐकलं नाही.

आणि मी भीत असते. तिचा फोन आला की भीते. "आक्का, एक विचारू का?" म्हणाली की मी आधी बसून घेते, आणि मग ती विचारते, कैरीचा तक्कू कसा करायचा. त्या दुपारी मी डब्या धुतल्या हे तिला माहीत आहे. तिनंच तर पाहिलं होतं. तिनं फक्त दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायच्या होत्या. मी रोज वाट बघते की आज ठेवेल.

एकदा ती तिथवर आली. नानांचं वर्षश्राद्ध होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, ती वडे थापत होती, मी कढी ढवळत होते. मान वर न करता ती म्हणाली, "आक्का, त्या दिवशी डब्या धुतल्या होत्या ना तुम्ही..."

माझा हात थांबला. कढी उतू जायला आली होती.

"झाकण ओलं असंल का? म्हणून मला नीट वाचता आलं नसंल का?" तिनं वडा तेलात सोडला. "मी लई इचार करते. मला तर रात्रच दिसतं अजून, डोळे मिटले तरी. पण हे म्हणतात ते खोटं कसं असंल? तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. माझ्याच हातून झालं ना?"

ती विचारत होती. एक वर्षभर स्वतःशी भांडून, शेवटी माझ्याकडं येऊन विचारत होती. बाहेर भटजी ताट वाढायला सांगत होते. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पुढचं काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं — नाही गं.

मी गॅस बारीक केला आणि म्हणाले, "झालं असेल. पण मुद्दाम नाही केलंस तू. मी तुला कधी दोष दिलेला नाही. नानांनीही दिला नसता."

मी तिला माफ केलं.

ती रडायला लागली, त्या वर्षभरात पहिल्यांदा असं मोकळं. पिठाचे हात पदराला पुसले, वाकली, आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला.