काकांची मिशी आणि भट्टीचा मास्क

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच अंगाला चिकटतात. सिरॅमिक वूलच्या तंतूंसारखे. काम करताना दिसत नाहीत, घरी गेल्यावर खाजवायला लावतात!

आम्ही चौघं अंबरनाथ-बदलापूरकडच्या कारखान्यांतल्या भट्ट्या आणि ओव्हन दुरुस्त करतो. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना आतून हे वूल लावलेलं असतं. पांढरं, मऊ, उशीत भरावंसं वाटणारं. त्याची धूळ छातीत गेली की मुक्काम ठोकते. म्हणून आधी पाणी फवारायचं, भिजलेलं वूल हळूच काढून पिशवीत बंद करायचं आणि तोंडावर फिल्टरवाला मास्क. विद्या एवढीच.

*

उल्हासनगरला एका सिंधी शेठचा बिस्किटांचा ओव्हन उघडायचा होता. आम्ही प्लास्टिकचे पडदे लावले, पांढरे सूट चढवले. शेठ हादरला.

"साईं, ये क्या पहना है? पब्लिक समझेगी रेड पड़ी है!"

त्याने लगेच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दारात लावलं, "रेड नहीं है."

तोवर गल्लीत रेडचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता. पाच मिनिटांत शेजारच्या तीन दुकानांनी शटर ओढलं.

*

बदलापूरच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसरने आम्हाला अर्धा तास समजावलं. "कपड्यांवरची धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवायची नाही! ती सगळी श्वासात जाते." हातात नमुन्याला जुन्या वूलचा तुकडा होता, त्याचा भुगा बोलता बोलता साहेबांच्या पँटवर सांडला.

भाषण संपलं. साहेबांनी सवयीने भिंतीवरचा पाइप काढला आणि पँटवर फुस्सकन हवा मारली. आम्ही झटकन मास्क चढवले.

मी विचारलं, "सर, हे प्रात्यक्षिक होतं का?"

"हो," साहेब म्हणाले. "कसं करायचं नाही त्याचं."

*

मीही काही कमी नाही. सुरुवातीला कामाचे कपडे घरी धुवायला न्यायचो. एकदा ते सासूबाईंच्या साड्यांबरोबर मशीनमध्ये गेले. दोन दिवस घरभर खाज. सासूबाईंनी निदान केलं, "दृष्ट लागली!" आणि सगळ्यांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मी दुसऱ्या दिवसापासून कपडे वर्कशॉपमध्येच बदलायला आणि धुवायला लागलो. खाज थांबली. सासूबाई आजही शेजारणींना मोहऱ्यांचं प्रमाण सांगतात.

*

आता आमचे म्हात्रे काका. मोरिवलीचे, आमच्यातले सगळ्यात जुने. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी कित्येक वर्षं हे वूल उघड्या तोंडाने ओढून काढलं. अलीकडे खोकला थांबेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं, "यापुढे धूळ आत जाता कामा नये."

पण मास्क बसेना! फिल्टरवर तळहात दाबून श्वास ओढला की मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा. काकांची मिशी गालभर पसरलेली, तिच्यातून हवा आत यायची.

"काका, मिशी काढा."

"येडा झालास? माजा बापूस जिता हाय अजून!"

बाप गेल्यावरच मिशी उतरते, ही आमच्याकडची रीत. पण मास्क बसल्याशिवाय काकांना भट्टीत सोडणार नाही, असं मी सांगून टाकलं. तीन आठवडे ते बाहेर बसून आम्हाला पाने देत राहिले आणि घरी जाऊन बापाला मास्कचं गाऱ्हाणं सांगत राहिले. मला फार वाईट वाटायचं. त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मग एका सोमवारी काका आले, सफाचट. मास्क चढवला, तळहात दाबला, श्वास ओढला आणि भट्टीत शिरले. आम्ही काही विचारलं नाही.

मोरिवलीतही कोणी विचारलं नाही. असं कोणी विचारतं का? संध्याकाळी मी काकांना सोडायला गेलो, तर दारात तीस-चाळीस माणसं मान खाली घालून बसलेली. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेले.

काकांचे वडील देवळाकडे बसले होते. माणसं जाताना दिसली म्हणून तेही टोपी घालून मागोमाग निघाले आणि आपल्याच घरी पोचले.

"कोन गेला रं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी वळून बघितलं.

म्हातारा गर्दीतून वाट काढत पुढे आला. काकांच्या उघड्या ओठांकडे नीट बघितलं आणि म्हणाला,

"बसला काय रं मास्क?"