कच्चे टाके

माझ्या थोरल्या बहिणीला बाजारात सगळे कोटवाली म्हणतात. पुरुषांचे कोट शिवावेत तर तिनेच. खांद्याला एक सुरकुती दिसली तरी अख्खा कोट उसवेल, आणि गिऱ्हाईक काही बोललं तर त्यालाच चार शब्द सुनावेल. अशी ही बाई मागच्या वर्षी कात्री हातात धरून नुसतीच बसून राहायला लागली. औषधांनी जेमतेम सावरली. मग डॉक्टरांनी उदासीवर यंत्राने डोक्याला चुंबकाचे ठोके देण्याचे उपचार सुचवले. गोळ्या मात्र तशाच चालू ठेवायच्या, असं बजावून सांगितलं. थोड्याच आठवड्यांत ताई पुन्हा गिऱ्हाइकांवर ओरडायला लागली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

त्या दिवशी नेहमीसारखी मी सोबत गेले होते. यंत्र चालवणाऱ्या मुलीने रोजचा प्रश्न विचारला, "गोळ्यांत काही बदल?"

"काही नाही," म्हणत ताई यंत्राच्या खटखटीसाठी कानांत बोळे घालून खुर्चीत बसली.

मी समोरच होते. तिची बोटं थरथरत होती. काजं करणारा हात तो, तापातसुद्धा हलत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं ती येताना म्हणाली होती. मी मेलीने तो उपचारांचा शीण समजून सोडून दिलं होतं. आता आठवलं, झोप तर तिला रात्रीच्या गोळीनेच लागायची.

"ताई, रात्रीची गोळी घेतेस ना?"

बोळ्यांमुळे तिला ऐकूच गेलं नाही. मुलीचा हात बटणाकडे गेला.

"थांबा!" मी अशी किंचाळले की बाहेरचा शिपाई आत धावला.

मुलीने हात मागे घेतला. ताईने बोळे काढले. "काय गं, डोकं फिरलंय का तुझं?"

"गोळी घेतेस की नाही?"

"सोडली." वर मलाच समजावायला लागली, "पक्की शिलाई पडली की कच्चे टाके काढूनच टाकतो ना आपण? यंत्राने काम केलंय. आता गोळी कशाला?"

तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला. डॉक्टर आले, ऐकलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. ती गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. त्यात यंत्राचा जोर गोळी चालू असताना मोजून ठरवलेला. आज गोळीविना त्याच जोराने ठोके दिले असते तर खुर्चीतच फिट आली असती. गोळी आधी पुन्हा सुरू करायची, मग जोर नव्याने मोजायचा.

"आणि उपचार संपले तरी गोळ्या राहतील. कमी करायच्या त्या मी करीन, हळूहळू," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे मी बरी झालेच नाही?" ताईने विचारलं.

"होताय. म्हणून तर जपायचं."

त्या रात्री मी समोर उभी राहून तिला गोळी घ्यायला लावली.

उपचार पुरे झाले. गोळ्या ती कुरकुरत घेत राहिली, कित्येक महिने. काल संध्याकाळी माझ्या दारात उभी, काखेत स्वतःची उशी.

"डॉक्टरांनी आजपासून रात्रीची गोळी थोडी कमी केलीय," ती म्हणाली. "भीती वाटतेय गं. राहू का तुझ्याकडे?"

उभ्या जन्मात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"विचारतेस काय, आत ये की!" मी खेकसले. नाहीतर तिथेच रडले असते.