बरं झाल्यावर घालायच्या प्रदक्षिणा

माझ्या मनात एक बाई राहते. तुमच्याही मनात कोणी राहत असेल, पण माझी जरा जास्तच बोलकी आहे. माझी खरी सासू फार गरीब स्वभावाची. तीस वर्षांत तिनं मला एकदाही टाकून बोललं नाही. ती सगळी कसर या आतल्या बाईनं भरून काढली. भाकरी करपली की ही म्हणणार, तुला काही धड येतच नाही. तरुणपणी सायकल शिकायची हौस आली तेव्हा म्हणाली, पडशील आणि हसं होईल. तिच्या सांगण्यावरून मी कितीतरी गोष्टी सुरू करण्याआधीच सोडून दिल्या. सोडल्यावर पुन्हा तीच म्हणायची, बघ, तुझ्याच्यानं होणार नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि या बाईला दिवसभर बोलायला रानच मोकळं मिळालं.

आमची मखमलाबादकडे फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. चाळीस वर्षं वाफ्यात उकिडवं बसून फुलं खुडली, निंदणी केली, मग गुडघे झिजणार नाहीत तर काय होणार. पुढं शेती दिराच्या मुलांनी हातात घेतली आणि आम्ही मुलाकडे गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला आलो. मालक गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. गुडघा मात्र इथं येऊनही दुखतच राहिला आणि शेवटी तो बदलायचं ठरलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर जाताना म्हणाले, आजी, गुडघा मी नवा बसवला, पण तो वाकवायचा तुम्हीच. दीड महिन्यानं दाखवायला या. तोवर काटकोनात वाकला पाहिजे. नाही वाकला तर पुन्हा भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल, आणि तरीही पूर्ण वाकेलच असं मी सांगू शकत नाही.

मी घरी आले आणि चार आठवड्यांत माझा पाय लाटण्यासारखा ताठ होऊन बसला. व्यायाम शिकवायला एक मुलगी दिवसाआड यायची. फार गोड मुलगी. टाच गादीवरून मागं सरकवा म्हणायची, आजी, अजून थोडं, अजून थोडं. टाच दोन बोटं सरकली की अशी कळ यायची की मी तिचा हातच धरायचे. ती गेली की आतली बाई सुरू व्हायची. म्हातारपणी कशाला हा खटाटोप. दुसऱ्या बायका चालतात, त्यांचं नशीब वेगळं. तू आता अशीच राहणार, खिडकीशी बसून, लोकांचे पाय बघत. आणि खरं सांगते, मला ते पटत होतं. वॉकर धरून मी न्हाणीघरापर्यंत जायची आणि परत येऊन खुर्चीत बसायची, एवढाच माझा प्रवास.

आता माझी चूक सांगते. अशी चूक आमच्यासारख्या देवभोळ्या माणसांनाच सुचते. एका सकाळी मी दत्ताच्या तसबिरीपुढं हात जोडून नवस बोलले की, दत्तगुरो, माझा पाय बरा कर, मी तुझ्या औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणा घालीन. बोलले आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. जणू सगळं काम त्याच्या खांद्यावर टाकून मी मोकळी झाले. मग ती मुलगी आली की मी तिला म्हणायचे, राहू दे गं आज, दत्तावर सोडलंय. माझी सून माधुरी बँकेत नोकरी करते, मोजकं बोलते. ती नुसती माझ्याकडे बघायची आणि डबा भरायला जायची. मला वाटायचं, हिला श्रद्धेचं काय कळणार. ती श्रद्धा नव्हती हो. भीतीच होती, फक्त सोवळं नेसून बसलेली. हे मला आता कळतं, तेव्हा कळत नव्हतं.

तपासणीला दोन आठवडे उरले आणि मी घाबरले. दत्त ऐकत नाही म्हणजे तसबिरीतून आवाज पोचत नसेल, प्रत्यक्ष जाऊन आठवण करून द्यावी, असं माझ्या मनानं घेतलं. गुरुवारी माधुरीनं अर्धी रजा टाकली आणि मला रिक्षात घातलं. पाय आडवा सीटवर, माधुरी बिचारी कोपऱ्यात अंग चोरून. गंगेच्या काठाला (आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो) एक लहानसं दत्ताचं देऊळ आहे. पुढं औदुंबर, त्याला दगडी पार आणि पाराभोवती फरशी. दुपारची वेळ, देवळात कोणी नव्हतं. माधुरीनं मला पारावर टेकवलं, वॉकर जवळ ठेवला आणि म्हणाली, "औषधं घेऊन अर्ध्या तासात येते आई. उठू नका हं." मी मनात म्हटलं, उठायला येतंय कुठं.

दत्ताकडे बघत मी गाऱ्हाणं घातलं. दिवस किती राहिले तेही सांगितलं, न जाणो त्याला ठाऊक नसेल. तेवढ्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगावर साधं पातळ, हातात कापडी पिशवी. पिशवी ठेवून माझ्या शेजारी बसल्या आणि गावाकडच्या बायका करतात तशी सरळ चौकशीच सुरू केली. कुठल्या, किती मुलं, पायाला काय झालं. त्या सिन्नरकडच्या, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मलाही बोलायला कोणीतरी हवंच होतं. ऑपरेशन सांगितलं, डॉक्टर सांगितले, आणि मोठ्या अभिमानानं नवसही सांगितला.

"एकशे आठ?" त्या म्हणाल्या. "आन् कधी घालणार?"

"पाय बरा झाला की."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग औदुंबराकडे, मग पुन्हा पायाकडे. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मावशी," म्हणाल्या, "म्हंजे औषधाची बाटली बरं झाल्यावर पिणार म्हना की तुम्ही."

मला राग आला. देवाच्या दारात बसून नवसाची चेष्टा करतात म्हणजे काय. मी म्हटलंही, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाई. चालणाऱ्याला बोलायला काय जातं."

त्या पारावर हात टेकून उठल्या. उठल्या तेव्हा मला दिसलं की त्यांचा डावा पाय काठीसारखा बारीक होता, लहानपणीचा पोलिओ असावा. पाऊल टाकताना त्या डाव्या हातानं मांडी दाबून धरायच्या, अंग एका बाजूला पूर्ण झुकायचं, मग पाय पुढं पडायचा. दोन पावलं टाकून त्या वळल्या. स्वर अगदी साधा, उपदेशाचा नाही. "माझा काय बरा व्हायचा नाय मावशी. तुमचा हाय. या मागं-मागं."

आणि निघाल्या. माझ्यासाठी थांबल्या नाहीत, हात दिला नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आतली बाई ओरडायला लागली, सुनेनं उठू नको सांगितलंय, पडशील, दुसरा पाय मोडशील. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला उलट उत्तर दिलं. म्हटलं, पडले तर दत्ताच्या पायाशी पडेन, खुर्चीतून पडण्यापेक्षा ते बरं. वॉकर ओढला आणि उभी राहिले.

पाराच्या मागच्या बाजूला औदुंबराच्या मुळानं एक फरशी उचलली आहे. वीतभर नाही, चार बोटं असेल. तिथं येऊन मी अडकले. सपाटीवर ताठ पाय ओढत नेता येतो, पण तिथं गुडघा वाकवल्याशिवाय पाऊल वर यायला तयार नाही. त्या बाई पलीकडच्या बाजूला पोचल्या होत्या. मागं फिरायचं तरी वॉकर वळवायला जागा नव्हती. मी डोळे मिटले, दत्ताचं नाव घेतलं आणि पाय उचलला. कळ डोक्यापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं, पण गुडघा वाकला. मला जाणवलं तो वाकलेला. पाऊल फरशीवर पडलं. एक प्रदक्षिणा झाली.

दुसरीला पुन्हा तीच फरशी, पुन्हा तेच रडणं. तिसरीच्या वेळी माधुरी औषधांची पिशवी घेऊन फाटकात उभी दिसली. ती तिथंच थांबली. पुढं कधीतरी म्हणाली, "हाक मारणार होते आई, पण वाटलं हाक मारली तर तुम्ही थांबाल." मी पारावर येऊन बसले तेव्हा त्या सिन्नरच्या बाई निघून गेल्या होत्या. नाव विचारायचंही राहिलं.

त्या दिवसापासून मी नवस उलटा केला. आधी प्रदक्षिणा, बरं करायचं तेव्हा कर. रोज देवळात जाणं शक्य नव्हतं, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या मधोमध दत्ताची तसबीर ठेवली आणि टेबलाभोवती वॉकर घेऊन फिरायला लागले. माधुरीनं खुर्च्या भिंतीला लावून दिल्या. मुलगा ऑफिसातून आला आणि म्हणाला, "आई, देवाला आज जेवायला बसवलंय का? मग आम्ही कुठं बसायचं?" मी म्हटलं, तू पण फिर, पोट कमी होईल. टाच मागं सरकवताना एकेक नाव घ्यायचे. व्यायामाची मुलगी म्हणाली, आजी, मी वीस वेळा सांगितलं होतं, तुमचे तर चाळीस झाले. मी तिला सांगितलं, नाम घेताना कोण मोजत बसतं.

सोपं होतं असं समजू नका. काही दिवशी गुडघा सुजायचा, बर्फ लावून बसावं लागायचं, आणि ती आतली बाई लगेच शेजारी येऊन बसायची. फरक एवढाच पडला की मी तिचं ऐकून घ्यायला लागले आणि बर्फ उतरवून पुन्हा उठायला लागले. तिला गप्प करायच्या नादी मी लागले नाही. ती बोलते, मी चालते.

तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि वाकवला. मी श्वास धरून बसलेली. काटकोनाच्या पुढं गेला. त्यांनी भुवया वर केल्या, म्हणाले, भूल-बिल काही लागत नाही, असंच चालू ठेवा. बाहेर आल्यावर माधुरी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. तेव्हा मला कळलं, हिची भीती माझ्यापेक्षा मोठी होती, ती फक्त बोलत नव्हती. औदुंबराच्या एकशे आठ प्रदक्षिणा दर गुरुवारी थोड्या-थोड्या करत मी चार महिन्यांत पुऱ्या केल्या. आधी वॉकर, मग काठी, आणि शेवटच्या वीस काठीही न घेता. ती उचललेली फरशी अजून तशीच आहे. पुजारी म्हणाले, बसवून घेऊ का? मी म्हटलं, नको, राहू द्या.

दर गुरुवारी मी त्या बाईंची वाट बघायची. पुजाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले कितीजण येतात. माझ्या मैत्रिणी तर हात जोडूनच म्हणायला लागल्या की अहो, ते साक्षात दत्तगुरूच. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आणि मागच्या माघात मी भाचीच्या मुलाच्या बारशाला एकटी एसटीनं सिन्नरला गेले, तर परतताना स्टँडवर त्या बसलेल्या. तीच कापडी पिशवी. पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट. मी धावलेच म्हणा ना. पाया पडायला वाकले तर त्या घाबरून मागं सरकल्या. त्यांना मी आठवतच नव्हते. औदुंबर, नवस, औषधाची बाटली, सगळं सांगितल्यावर कुठं ओळख पटली.

चहा घेतला आम्ही. मग त्या स्वतःचं सांगायला लागल्या. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात, दिवसभर उभ्यानं. त्या दिवसांत पायऱ्यांवरून पडल्या होत्या. मनानं हाय खाल्ली आणि काम सोडते म्हणून सांगून महिनाभर घरी बसून होत्या. नाशकात बूट दुरुस्त करायला आल्या, ते घरच्यांनी बळेच पाठवलं म्हणून. बूटवाल्यानं दोनला देतो सांगून चारपर्यंत बसवलं. उन्हात कुठं थांबायचं, म्हणून त्या देवळात शिरल्या.

"दत्ताला सांगायला आले होते, की आता माझ्याच्यानं व्हायचं नाय," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात तुम्ही तो नवस सांगितला आन् माझ्या तोंडून निघून गेलं. बोलून बसले, मग काय करते? तुमच्यादेखत मलाच चालावं लागलं. बिनाबुटाची कधी एवढी चालले नव्हते मी. दुसऱ्या दिवशी कामावर गेले."

म्हणजे माझ्या पुढं चालणारी ती माझ्यासारखीच बाई होती हो, आत तेच बोलणं ऐकत असलेली. मला चालवायला तिला धाडलं, की तिला चालवायला मला बसवून ठेवलं, हे दत्तालाच माहीत. बूटवाल्याच्या उशिरालाही त्यानं कामाला लावलं. मी आता त्यात फार खोल जात नाही. सोडून देणं म्हणजे काय, हे मला एवढंच कळलंय की फळ त्याच्यावर सोडायचं, पाऊल सोडायचं नाही. पाऊल त्यानं आपल्याला दिलंय.

नाशिकची गाडी लागली. एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते, तुम्हाला ठाऊक आहेच. दांडा धरला आणि आत कोणीतरी म्हणालं, तुझ्याच्यानं नाही व्हायचं. म्हटलं, ये गं बाई तू पण, खिडकीची जागा मात्र माझी. आणि गुडघा वाकवून वर चढले.